बहात्तर तसंच राहू दिलं

रविवार, १ जून २०२५

माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी एक वही ठेवायला लावतो. गाडी चालवून झाली की घरी जाऊन लिहायचं: आज काय जमलं, काय चुकलं, पुढच्या वेळी काय. सतरा वर्षं मिल्टन कीन्समध्ये ड्रायव्हिंग शिकवतोय आणि स्वतः अशी वही कधी ठेवली नाही. आजपासून ठेवतो.

कारण ईशिता. काल तिचा लंडनच्या पिनर भागातून फोन आला. चौथा महिना चालू आहे, तारीख वीस नोव्हेंबरची. आम्ही दोघांनी तीन महिने तिच्याकडे राहायला यावं असं तिला वाटतं. पण एक अट आहे.

"व्हेप घरात नाय बाबा. गार्डनमध्ये पण नाय. खिशात पण नाय."

"बंदच करणार आहे मी."

"तुम्ही चार टाइम प्रॉमिस केला आहे."

खरं आहे. तीन वेळा सिगरेट सोडली आणि धरली. चौथ्या वेळी सोडली असं सांगितलं आणि सोडली नव्हती. शिकवण्याच्या गाडीत, 'एल'च्या पाट्यांखाली पाकीट सापडलं ते ईशितालाच. ती ओरडली नाही, नुसती पाकीट हातात धरून उभी राहिली. त्यानंतर मी व्हेपवर, म्हणजे ई-सिगरेटवर आलो. पण तेही निकोटीनच.

या वेळी जमलं नाही तर सुचेता एकटी पिनरला जाईल आणि मी इथे. नातवंडाचे पहिले तीन महिने फोनवर बघेन.

तर योजना अशी. एकदा वापरून फेकायचे व्हेप आजपासून कायद्याने बंद झालेच आहेत. मी भरायचा घेतलाय आणि लिक्विड घरी स्वतः मिसळणार. आत्ता मी मिलीला बारा मिलिग्रॅमवर आहे. मग नऊ, सहा, तीन, शून्य. उतारावर गिअर बदलतात तसं. हॅन्डब्रेक खेचून गाडी थांबवणाऱ्याला मी सराव परीक्षेत नापास करतो. चार वेळा मी तेच करत होतो.

शनिवार, ७ जून

सामान आलं. ग्लिसरीनचे डबे, मोजायच्या सिरिंजा, हातमोजे आणि निकोटीनच्या दहा-दहा मिलीच्या वीस छोट्या बाटल्या. प्रत्येकीवर ठळक अठरा लिहिलेलं. वास बडीशेपेचा घेतलाय. वेलचीचा अर्क आमच्या कपाटात होता, तोही घालून बघावा म्हटलं, तर सुचेताने हातातून काढून घेतला.

"हा तेलातला आहे. तेल फुफ्फुसात घालणार आहात? खिरीत घाला."

ती केमिस्टच्या दुकानात औषधं मोजून द्यायचं काम करते, एकोणीस वर्षं. त्यामुळे घरात हा आवाज चालतो. निकोटीनच्या बाटल्या तिने औषधांच्या कपाटात कुलपात ठेवल्या, चावी स्वतःकडे. "लागेल तेव्हा मागा."

बुधवार, ११ जून

आज अक्षयाचा तिसरा धडा. अडतीस वर्षांची आहे, दीड वर्षापूर्वी पुण्याहून नोकरीवर आली. आपल्याकडचं लायसन्स इथे वर्षभरच चालतं. ते वर्ष तिने सायकलवर काढलं, आता घाई झालीये. गाडी बरी चालवते, पण राउंडअबाउटचा गोल चौक दिसला की श्वास धरते. आणि या गावात राउंडअबाउटशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही.

ती सॉफ्टवेअरची टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधते. मी तिला म्हटलं, मला प्रोग्रॅमिंग शिकव. लिक्विडचं प्रमाण काढणारा प्रोग्रॅम मीच लिहिणार.

"काका, त्याला रेडीमेड कॅल्क्युलेटर असतात ऑनलाइन. नाहीतर एक्सेलमध्ये पाच मिनिटांत होईल."

"मला होऊन नको आहे, शिकायचं आहे."

खरं कारण तिला सांगितलं नाही, इथे लिहितो. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला जमलेल्या शंभरातले नव्वद आयटीतले. ते आपापसांत जे बोलतात ते मी एकोणतीस वर्षं पापड मोडत ऐकतोय. कुणी विचारतं, "तुम्ही कशात आहात काका?" मी म्हणतो, "गाडीत." सगळे हसतात, मीही हसतो.

ठरलं. तिच्या धड्यानंतर आमच्या डायनिंग टेबलावर अर्धा तास माझा धडा. चहा सुचेताचा.

शनिवार, २१ जून

मोठा दिवस.

मागच्या आठवड्यात माझा पहिला प्रोग्रॅम एकच ओळ छापत सुटला, थांबेचना. अक्षया म्हणाली, "काका, बाहेर पडायची अट लिहिली नाहीत." मी म्हटलं, "म्हणजे राउंडअबाउटला एक्झिटच नाही." ती इतकी हसली की चहा सांडला. मग म्हणाली, "परवा मी तीन फेऱ्या मारल्या तेव्हा तुम्ही नव्हता हसला." हसलो होतो, आरशात बघून.

आज मिश्रणाचा प्रोग्रॅम पुरा झाला. सांगाडा एका अमेरिकन गृहस्थाच्या ब्लॉगवरून घेतला, पण सगळी नावं बदलून मराठी केली. बाटली केवढी, किती हवं, ते विचारतो आणि उत्तर देतो. वरच्या बाजूला एका ओळीत नुसतं बहात्तर लिहिलेलं आहे. ते कशाचं ते कळलं नाही. काढून बघितलं तर प्रोग्रॅम मोडतो, म्हणून तसंच राहू दिलं. बॉनेटखालचं सगळंच चालवणाऱ्याला कळायला हवं असं नाही.

विचारलं: साठ मिली, बारा. उत्तर आलं: निकोटीन दहा मिली. बरोबर एक बाटली! सुचेताकडे मागितली.

"साठला एकच?"

"प्रोग्रॅम सांगतोय."

तिने चष्मा कपाळावर सरकवला, बाटली वाचली, मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मला वाटलं आता काहीतरी खोट काढणार.

"प्रोग्रॅम सांगतोय तर घ्या," म्हणाली आणि बाटली दिली.

लग्नाला बत्तीस वर्षं झाली. माझं गणित तिने तपासल्याशिवाय मान्य केल्याचा हा पहिलाच प्रसंग.

शुक्रवार, २७ जून

वाईट आठवडा. डोकं जड, झोप तुटक, सारखी भूक. गवताच्या परागकणांचा त्रास या वर्षी जास्तच दिसतोय. शिवाय या वयात प्रोग्रॅमिंग म्हणजे मेंदूला व्यायाम, थोडं दुखणारच. निकोटीनचा प्रश्न नाही. बारा म्हणजे माझं नेहमीचंच प्रमाण, कमी करायला अजून सुरुवातही केलेली नाही.

काल एका विद्यार्थ्यावर ओरडलो. त्याने हिरव्या सिग्नलला ब्रेक मारला होता, पण ओरडायला नको होतं. धड्यानंतर माफी मागितली.

व्हेपची टाकी दिवसातून चार-चारदा भरतोय. बडीशेपेचा वास फारच छान जमलाय, हे कारण.

सुचेता मात्र गोड वागतेय. न सांगता डब्यात गाजराचे तुकडे, भाजलेली बडीशेप, आल्याच्या वड्या. मी दोनदा तिच्यावर खेकसलो, तरी उलट उत्तर नाही. "पाणी प्या," एवढंच. तिची तब्येत बरी आहे ना, विचारायला हवं.

रविवार, १३ जुलै

परागकण ओसरले. आजपासून नऊ.

मला वाटलं होतं पहिली पायरी कठीण जाईल. काहीच जाणवलं नाही. पद्धतशीर काम केलं की असं होतं. संध्याकाळी ईशिताला आकडा कळवला. दर रविवारी कळवायचं ठरलंय.

"नाइन? रिअली?"

"रिअली."

"आईला द्या फोन." मग स्पीकरवर, मी समोर असताना, "आई, बाबा खरा बोलतो आहे का?"

सुचेता लोकर गुंडाळत होती. म्हणाली, "बाबा सांगतायत त्याहून बरंच चाललंय."

रविवार, १० ऑगस्ट

सहा.

औषधाच्या कपाटाच्या दाराला आतून सुचेताने एक चिठ्ठी चिकटवली आहे: तीन, सव्वादोन, दीड, पाऊण, शून्य. विणकामाचं काहीतरी माप असावं, बाळाचं टोपरं चालू आहे. पहिल्या दोन आकड्यांवर काट मारलीये. विणकाम पुढे सरकतंय म्हणायचं.

बुधवार, २० ऑगस्ट

आज अक्षयाने लेन बदलली ती नुसती आरशात बघून. शेजारी व्हॅन होती. माझ्या बाजूचा ब्रेक मारावा लागला. गाडी कडेला घ्यायला लावली आणि शांतपणे सांगितलं, "आरसा खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही. खांद्यावरून मान वळवून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. दर वेळी."

"सॉरी काका."

नंतर टेबलावर मी तिला प्रोग्रॅममधली नवी भर दाखवली. आता तो तारीखही छापतो.

"काका, याला तुम्ही टेस्ट केलंय का? म्हणजे एक उदाहरण हाताने, कागदावर करून, उत्तर जुळतं का बघितलंय?"

"अगं, कॉम्प्युटर असताना हाताने कशाला?"

"आमचा पहिला नियम आहे तो."

"बघू केव्हातरी." मुलगी हुशार आहे, पण टेस्टर म्हणजे जरा शंकेखोर असायचेच.

सोमवार, १ सप्टेंबर

मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर मुरलीधर पाटणकरांना प्रोग्रॅम फोनवर दाखवला. ते बँकेच्या सिस्टिम सांभाळतात. "वा, कमलाकर! सगळी नावं मराठीत?" म्हणाले आणि आणखी दोघांना बोलावलं. पाऊण तास बोललो. मोदक राहिलाच.

कोणी विचारलं नाही कशात आहात म्हणून.

रविवार, ७ सप्टेंबर

तीन. ईशिता म्हणाली, "वेल डन, बाबा." दोनच शब्द, पण विचारल्याशिवाय.

मंगळवार, ३० सप्टेंबर

तीनवर अडकलोय. तीन आठवडे झाले.

खरं लिहायचं तर मला शून्याची भीती वाटते. बारावरून तीनवर आलो ते सहज, पण हे शेवटचे तीन म्हणजे अजून निकोटीनच आहे, दिवसभराचं, रोजचं. ते एकदम काढलं की चार वेळा जे झालं तेच होईल. प्रोग्रॅमने प्रमाण मिळतं, हिंमत मिळत नाही. सात आठवडे उरलेत.

सुचेता म्हणाली, "तुम्हाला वाटतं त्याहून तुम्ही जवळ आहात." तिला सांगायला काय जातं?

मंगळवार, ७ ऑक्टोबर

हे लिहायचं नव्हतं. पण विद्यार्थ्याच्या वहीत चूक लिहिलेली नसली की मी धडा पुढे नेत नाही.

सकाळी जावयांचा फोन. ईशिताचं ब्लडप्रेशर वाढलंय, देखरेखीसाठी हॉस्पिटलमध्ये एक दिवस ठेवतायत. सुचेता ट्रेनने लगेच गेली. मला दोन विद्यार्थी होते. ते झाल्यावर पेट्रोल पंपावर थांबलो, आणि पेट्रोलबरोबर सिगरेटचं पाकीट घेतलं. हात पुढे गेला, तोंडाने नाव सांगितलं. मी नुसता बघत होतो.

गाडीमागे उभा राहून एक पेटवली. एक झुरका ओढला. डोकं गरगरलं, घाम फुटला, आणि तिथेच कुंपणाशी उलटी झाली. चाळीस वर्षं ओढलेली सिगरेट! ब्रँडमध्ये काहीतरी बदललेलं दिसतंय. पाकीट कचऱ्यात टाकलं आणि अर्धा तास गाडीत बसून राहिलो.

संध्याकाळी कळलं, ईशिता बरी आहे, उद्या घरी सोडतील. माझ्याशी बोलली. "बाबा, अजून थ्रीच ना?" मी हो म्हटलं. पाकिटाबद्दल बोललो नाही.

चार वेळाचा माणूस पाचव्यांदाही तोच.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी अक्षया टेस्टमध्ये पास झाली. दोनच किरकोळ चुका. परीक्षक उतरल्यावर तिने मला मिठीच मारली. "आता शेवटचा धडा तुमचा," म्हणाली. घरी आली, पेढे ठेवले आणि माझा लॅपटॉप ओढून घेतला. आजवर मी तिला प्रोग्रॅम चालवून दाखवत होतो. आतल्या ओळी तिने आज पहिल्यांदा वाचल्या.

"काका, हे बहात्तर काय आहे?"

"ते राहू दे. काढलं की मोडतं."

"पण आहे काय ते?"

"असेल काहीतरी आतलं."

"तुमची निकोटीनची बाटली बघू?" रिकामी एक सिंकपाशी होती, ती दिली. तिने वाचली. मग धड्याच्या कार्डाच्या मागे पेनने लिहायला लागली, हाताने, गुणाकार, भागाकार. दोनदा केलं. तिचे कान लाल झाले.

"काका, हे बहात्तर म्हणजे बाटलीतलं निकोटीन किती कडक आहे ते. त्या अमेरिकन माणसाचं बहात्तरचं होतं. तुमचं अठरा आहे."

"मग?"

"मग तुम्ही दर वेळी चौथाई घातलंय. बारासाठी चार बाटल्या लागत होत्या, तुम्ही एक घातली. तुम्ही घरचं बारा कधी ओढलंच नाही. तीन ओढलंत. नऊ म्हणालात ते सव्वादोन. सहा म्हणजे दीड."

"आणि आत्ता?"

"पाऊण."

मी खुर्चीत मागे टेकलो. जूनमधला तो आठवडा, ते डोकं, ती भूक, ते ओरडणं. परागकण नव्हते. बारावरून एका दिवसात तीनवर उतरलो होतो, हॅन्डब्रेक खेचून. आणि गाडी उलटली नव्हती.

"तेरा वर्षं बग शोधतेय मी," अक्षया म्हणाली. "चार महिने चालू राहून लोकांचं भलं करणारा हा पहिलाच. फिक्स करू का?"

"हात लावू नकोस!" मी इतक्या जोरात म्हणालो की ती दचकली. आता बहात्तरचं अठरा केलं आणि तीन मागितलं, तर खरोखरचं तीन मिळेल. आहे त्याच्या चौपट.

ती गेल्यावर सुचेता कामावरून आली. तिला सगळं सांगितलं, कार्डामागचं गणित दाखवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "हो का?" म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे पाऊणच राहिलं. पाऊण म्हणजे काय हो? काहीच नाही." आणि उशीचे अभ्रे घेऊन वर गेली. एवढी मोठी गोष्ट, पण तिला कॉम्प्युटरमध्ये पहिल्यापासूनच रस नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

ईशिताला फोन केला. रविवारची वाट बघितली नाही.

"मी तुला चुकीचे आकडे सांगत होतो, बेटा."

पलीकडून अगदी हळू, "ओ बाबा. नॉट अगेन."

तेव्हा सगळं सांगितलं. बहात्तर, अठरा, पाऊण. ती हसायला लागली, मग रडायला, मग दोन्ही. मी म्हटलं, थांब, अजून आहे. पेट्रोल पंपाचं सांगितलं.

हसणं थांबलं.

"हाउ मेनी? सॉरी, किती?"

"एक. एकच झुरका. मग उलटी."

"कोणी बघितला तुम्हाला?"

"नाही."

"आईने?"

"तिलाही माहीत नाही. आत्ता तुलाच सांगतोय."

पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता. मला वाटलं, गेलं. सुचेताची एकटीची बॅग भरायची.

"बाबा," ती म्हणाली, "धिस टाइम मला शोधायला नाय लागला." नाक ओढलं. "झीरो करा. मग फर्स्ट नोव्हेंबरला या. दोघं."

मंगळवार, २१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

शून्य. पहिला दिवस. चकल्या अति खाल्ल्या.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

चौथा दिवस. एकदा हात खिशात गेला, किल्ल्या निघाल्या.

शनिवार, १ नोव्हेंबर

बारावा दिवस. अकराला निघायचं.

व्हेप काल कौन्सिलच्या रीसायकलिंगला दिला. उरलेल्या बाटल्या सुचेता आपल्या दुकानात नीट टाकून द्यायला घेऊन गेली. औषधाचं कपाट आता रिकामं आहे, विणकामाची चिठ्ठीही तिने काढली. टोपरं पुरं झालंय, पिवळं, बॅगेत सगळ्यात वर ठेवलंय.

तिला म्हटलं, "तू एकदाही विचारलं नाहीस, जमेल का म्हणून."

"तुमच्याकडे बघत बसलं की तुमचं बिघडतं," ती म्हणाली. "चला, थर्मास भरा."

निघण्याआधी लॅपटॉप उघडला. अक्षयाला कबूल केलं होतं की एकदा तरी तिच्या नियमाने तपासून बघेन. बहात्तर तसंच ठेवून मागितलं: साठ मिली, शून्य. उत्तर शून्य. मग पहिल्यांदाच त्या ओळीला हात लावला, बहात्तर खोडून अठरा लिहिलं, तेच मागितलं. शून्य.

मग ही वही घेतली आणि कागदावर केलं. साठ गुणिले शून्य, भागिले अठरा.

हाताने करून बघितलं. जुळतंय.